पुढची काच बदलताना कडेच्या पत्र्याला गंजापासून कसे वाचवावे

गाडीची पुढची काच बदलून आणली की आपण काच निरखून पाहतो. आरपार स्वच्छ दिसते का, वायपर नीट फिरतात का, कुठे ओरखडा नाही ना, एवढे पाहून पैसे देतो. ज्या पत्र्यावर ती काच चिकटवलेली असते तो मात्र त्या दिवसानंतर कुणाच्याच नजरेस पडत नाही, आणि गंज नेमका तिथे धरतो.

माझी गाडी रत्नागिरीची. महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीने काच तडकली आणि जानेवारीत ती बदलून घेतली. दुसरा पावसाळा सरता सरता छपराच्या पुढच्या कडेला, काचेच्या रबराला लागून, मसुराएवढे दोन फुगे दिसले. रंगाचा दोष असेल असे समजून मी ते सोडून दिले. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या आरशाजवळ पाणी ठिबकू लागले तेव्हा काच पुन्हा काढावी लागली. ती निघाल्यावर पत्र्यावर चार बोटे लांबीची एक सरळ रेघ दिसली. पहिल्या वेळी काच कापताना सुरीचे टोक तिथून फिरले होते. रेघेच्या दोन्ही अंगांनी, काच चिकटवणाऱ्या सीलंटखाली, तांबूसकाळा पोपडा पसरला होता, आणि तो नखाने उचलला तर वरचे सीलंट त्याच्यासोबत पट्टीसारखे सुटून आले. सीलंटचा दोष काहीच नव्हता. ते अजूनही घट्ट चिकटलेले होते, पण पोपड्याला. पोपड्याने पत्रा केव्हाच सोडला होता.

त्या रेघेवर पहिल्याच दिवशी प्रायमरचा, म्हणजे उघड्या पत्र्याला झाकणाऱ्या पहिल्या थराचा, एक हात फिरला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. हे काम पाच मिनिटांचे आहे; मात्र ते जुनी काच निघाल्यापासून नवी बसेपर्यंतच करता येते. म्हणून त्या वेळात काय करून घ्यायचे, हे सविस्तर लिहितो आहे.

गंज कुठून येतो

जुन्या मारुती ८००, ओम्नी किंवा अॅम्बॅसॅडरची काच जाड रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असे. आताच्या जवळजवळ सर्व गाड्यांत ती पॉलियुरेथेन सीलंटने, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘पीयू’ने, थेट पत्र्याला चिकटवतात. काचेभोवती पत्र्याची बोटभर रुंदीची एक कड असते आणि त्या कडेवर सीलंटची सलग वेटोळी पट्टी बसते. काच बदलायची म्हणजे ही पट्टी कापायची. त्यासाठी कुणी खेचून चालवायची सुरी वापरतो, कुणी थरथरणारे विजेचे कटर, आणि पुष्कळ ठिकाणी पोलादी तार आरपार घालून एक जण गाडीत व एक जण बाहेर बसून ती करवतीसारखी ओढतात. यांतले कोणतेही हत्यार पत्र्याच्या बाजूला झुकले की रंग, त्याखालचा कारखान्यातला प्रायमर आणि जस्ताचा मुलामा असल्यास तोही खरवडला जातो, आणि उघडे लोखंड वर येते.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरचा बारीक ओरखडा काही काळ तग धरतो, कारण आधी आजूबाजूचे जस्त झिजते आणि लोखंड वाचते. मात्र हे संरक्षण कायमचे नसते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज सुरू होतो. त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग वाढतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्रावरचा खारा वारा वाहतो, त्यामुळे ओरखडा कोरडा राहील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. ज्या लोखंडापासून गंज तयार होतो त्यापेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला खालून उचलतो, उचललेल्या फटीत आणखी पाणी शिरते, आणि रेघ रुंदावत सीलंटखाली जाते. बाहेर फुगा दिसतो तेव्हा आतले नुकसान त्या फुग्याच्या कितीतरी पट झालेले असते.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. पुष्कळ गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवर टेकून प्रवाशाकडे वळते, आणि गाडी उलटली तर छपराला आधार देण्यातही चिकटवलेल्या काचेचा वाटा असतो. पत्र्याची कड गंजली, तर काच धरून ठेवणारी पकडच गेली.

काम ठरवतानाच बोलून घ्यावे

गाडी सोपवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. जुनी काच कशाने कापणार? ओरखडा पडला तर त्यावर लावायला पत्र्याचा प्रायमर जवळ आहे का? आणि सीलंट लावल्यानंतर गाडी किती वेळ उभी ठेवावी लागेल? ज्याला काम येते तो या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट खुलून बोलतो. ‘प्रायमरची गरज नाही, सीलंटच सगळे धरून ठेवते’ असे उत्तर आले तर दुसरे ठिकाण पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्य असेल तर काम होताना तिथे थांबावे, आणि थांबणार असल्याचे आधीच मोकळेपणाने सांगावे. ‘दादा, काच निघाली की मला एकदा हाक मारा, पत्रा बघायचा आहे’ एवढे वाक्य पुरते. घाईची तक्रार आपण कारागिरांबद्दल करतो, पण ‘तासाभरात गाडी द्या’ असा तगादा आपणच लावलेला असतो. या कामासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. पावसाळ्यात घरी येऊन उघड्यावर काच बसवून घेणे टाळावे. पॉलियुरेथेन हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होते हे खरे, पण त्यावरून ओल्या पत्र्यावरही ते चिकटेल असा समज करून घेऊ नये. चिकटणारे दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडेच हवेत.

काच काढताना

सर्वप्रथम काचेच्या कडेची धूळ, वाळू आणि पानांचा चुरा पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. काच निघाल्यावर हीच घाण पत्र्यावर पसरते. वायपरच्या दांड्या आणि त्यांखालची प्लॅस्टिकची जाळी काढूनच काम करावे. जाळी जागेवर ठेवून तिच्या फटीतून सुरी चालवली, तर खालच्या कडेला हत्यार दिसत नाही आणि सर्वांत वाईट ओरखडे तिथेच पडतात. बॉनेट, छपराची पुढची कड आणि दोन्ही खांबांचा रंग मास्किंग टेपने झाकावा. कापताना पाते काचेला लागून चालले पाहिजे. जुनी काच टाकायचीच आहे, तिला ओरखडे पडले तरी काही बिघडत नाही. पोलादी तारेऐवजी मजबूत सिंथेटिक दोरीने कापण्याची साधने आता मिळतात. पत्र्याला तिच्यामुळे इजा होण्याची भीती खूप कमी असते. तार वापरणे भागच असेल, तर कोपऱ्यांवर ती पत्र्याला घासू नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी मध्ये धरायला सांगावे.

काच उचलली की आपली पाळी. मोबाइलचा दिवा पत्र्याशी जवळजवळ आडवा धरून संपूर्ण कड एक फेरी पाहावी. सरळ वरून पाडलेल्या उजेडात बारीक ओरखडा लपतो, आडव्या उजेडात तो चकाकतो. वरचे दोन कोपरे, खालचे दोन कोपरे आणि जिथून तार आत घातली ती जागा, या ठिकाणी विशेष थांबावे. मोबाइलने फोटोही काढून ठेवावेत. पत्र्याला हाताने स्पर्श मात्र करू नये, कारण घामातले मीठ आणि तेल दोन्ही तिथे नकोत.

ओरखड्यावर प्रायमर

जुने सीलंट पुरते खरवडून काढावे असे पुष्कळांना वाटते आणि ‘साफ काम’ म्हणून काही जण अभिमानाने पत्रा चकचकीत करून दाखवतात. ही मोठी चूक आहे. जुने सीलंट पत्र्याला पक्के धरून असेल, तर त्याचा एक ते दोन मिलिमीटर जाडीचा थर तसाच राखून वरचा भाग धारदार पात्याने सपाट कापावा. नव्या सीलंटला हा ताजा कापलेला थर उत्तम धरतो आणि त्याखालचा कारखान्यातला रंगही शाबूत राहतो. जे खरवडलेच नाही ते गंजतही नाही. हा थर कापल्यानंतर त्याला थिनर, पेट्रोल किंवा तेलकट फडके लावू नये.

आता ओरखडे. फक्त वरचा रंग गेला असून खालचा प्रायमर शाबूत असेल, तरीही त्यावर प्रायमरचा हात फिरवून घ्यावा. लोखंड चमकत असेल तर प्रश्नच नाही. आधी ती जागा सीलंटच्याच कंपनीच्या क्लीनरने, न वापरलेल्या स्वच्छ कापडाने, एकाच दिशेने पुसावी. मग पत्र्यासाठीचा प्रायमर लहान ब्रशने किंवा बाटलीसोबत येणाऱ्या कापसाच्या बोळ्याने ओरखड्यावर आणि त्याच्या आजूबाजूला थोडा लावावा. बाटली आधी चांगली हलवावी. आतल्या गोळीचा खुळखुळ ऐकू येऊ लागल्यानंतरही मिनिटभर हलवत राहावे, नाहीतर तळाशी बसलेला जड भाग तिथेच राहतो आणि वरचे पातळ पाणी पत्र्याला लागते. थर एकच, सलग आणि पातळ असावा. किती वेळ सुकू द्यायचा हे बाटलीवर लिहिलेले असते, आणि ते कंपनीगणिक वेगळे असते. तेवढी मिनिटे घड्याळ लावून थांबावे, फुंकर घालून सुकवू नये.

प्रायमर नव्या काचेच्या काळ्या कडेलाही लावतात आणि पत्र्यालाही. काही कंपन्यांचा एकच प्रायमर दोन्हींना चालतो, काहींचे वेगवेगळे असतात. काचेच्या प्रायमरचा उरलेला थेंब पत्र्यावर फिरवण्यापूर्वी तो पत्र्यासाठी चालतो का, हे वाचून घ्यावे. मुदतीची तारीख सीलंटच्या नळीवर आणि प्रायमरच्या बाटलीवर, दोन्हींवर पाहावी. झाकण बरेच दिवस उघडे राहिलेला प्रायमर हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो; असा दाटलेला, गुठळ्या झालेला प्रायमर थिनर घालून वापरू देऊ नये. क्लीनर, प्रायमर आणि सीलंट एकाच कंपनीचे असावेत असा आग्रह धरावा. विम्याच्या कामातही हे मागावे.

हा प्रायमर बारीक ओरखड्यांसाठी आहे. तळहाताएवढा पत्रा उघडा पडला असेल किंवा आधीचाच गंज दिसत असेल, तर त्यावर बाटलीतला प्रायमर फिरवून काच बसवणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय. तिथे खाली दिलेली दुरुस्तीच करावी लागते.

सिलिकॉन नकोच

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे सिलिकॉन गाडीच्या काचेला लावलेले मी स्वतः पाहिले आहे. बहुधा गळती थांबवण्यासाठी, काच न काढता, रबराच्या फटीत नळीने भरलेले. त्यातल्या ज्या प्रकाराला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना अॅसेटिक आम्ल सुटते आणि उघड्या लोखंडाला ते स्वतःच गंजवते. वासाचा नसलेला प्रकारही इथे उपयोगाचा नाही, कारण सिलिकॉनच्या पुसट थरावरसुद्धा पुढे पॉलियुरेथेन चिकटत नाही आणि तो थर पुसून पूर्ण निघत नाही. शिवाय वरून बुजवलेल्या फटीमागे आधीच शिरलेले पाणी कोंडून राहते. गळतीची दुरुस्ती काच काढूनच होते.

काच बसल्यानंतर

सीलंटची पट्टी सलग, त्रिकोणी उंचवट्याची आणि मध्ये कुठेही न तुटलेली असावी; तिची दोन टोके जिथे मिळतात ती जागा नीट दाबून बुजवलेली असावी. ती बहुधा खालच्या कडेच्या मध्यावर ठेवतात. गाडी किती वेळाने चालवायची हे सीलंटच्या प्रकारावर अवलंबून असते. काही सीलंट तासाभरात गाडी हलवू देतात, काहींना सहा-आठ तास लागतात, आणि आतपर्यंत पूर्ण घट्ट व्हायला एखादा दिवस किंवा अधिक जातो. तोपर्यंत दार आपटू नये आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. बंद गाडीचे दार जोरात लावले की आतल्या हवेचा दाब ओल्या सीलंटवर येतो, पट्टीत बारीक वाट पडते, आणि पुढे तिथूनच पाणी पत्र्यापर्यंत पोहोचते. काचेवरच्या चिकटपट्ट्या सांगितलेल्या वेळेआधी काढू नयेत. उच्च दाबाच्या फवाऱ्याने धुणे निदान दोन दिवस टाळावे.

सीलंट घट्ट झाल्यावर साध्या नळाच्या पाण्याने तपासणी करावी. एकाने आत दिवा घेऊन बसावे, दुसऱ्याने खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर जावे. आधीच छपरावरून पाणी सोडले, तर गळती नेमकी कुठून आहे ते कळत नाही. आत बसणाऱ्याने खांबांच्या आवरणाखाली आणि पायांजवळच्या गालिच्याखाली कोरडा टिश्यू दाबून पाहावा. टिश्यू ओला झाला तर त्याच दिवशी गाडी परत न्यावी. ‘एक पाऊस पाहू या’ म्हणून थांबू नये.

गंज आधीच धरलेला असेल तर

छपराच्या कडेला फुगे, वायपरच्या जाळीजवळ उतरलेले तपकिरी ओघळ, पावसात न जाणारा कुबट वास, काचेवर आतून सतत धरणारे धुके, यांतले काहीही दिसले तर काच काढण्याची मनाची तयारी करावी. चिकटवलेली काच काढताना ती फुटण्याचा संभव मोठा असतो, माझीही फुटली. विम्यात अपघाताने फुटलेल्या काचेची भरपाई मिळते, पण गंज हा झिजेचा भाग धरला जातो, त्यामुळे दुसऱ्या काचेचा खर्च पूर्णपणे माझ्यावर पडला.

दुरुस्तीत गंजलेल्या भागावरचे सीलंट पूर्ण काढावे लागते, आणि गंज जिथे संपला असे वाटते त्याच्याही थोडे पुढपर्यंत पत्रा घासून चमकदार करावा लागतो. ड्रिलवर लावलेला तारेचा ब्रश खड्ड्यांतल्या गंजाला नुसते पॉलिश करतो. काळसर चकाकणारा तो ठिपका लोखंड नसतो, म्हणून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खड्ड्याच्या तळापर्यंत जावे. ग्राइंडर चालवताना बाजूच्या काचा आणि रंग जाड कापडाने झाकावे, कारण उडणाऱ्या तापलेल्या ठिणग्या त्यांत रुततात. लोखंडाचा भुकटा जाळीखाली पडून नवे गंजाचे डाग पाडतो, तो व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. गंज विरघळवणारे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण वापरले असेल, तर ते धुऊन पत्रा पूर्ण सुकवावा. त्याचा उरलेला थर प्रायमरला धरू देत नाही.

यानंतर हार्डनर घालून वापरायचा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लावावा. पत्रा चमकदार झाल्यापासून प्रायमर लागेपर्यंत रात्र जाऊ देऊ नये. कोकणातल्या दमट हवेत काही तासांतच पत्र्यावर पिवळसर झाक येते. स्प्रेच्या डब्यातला एका भागाचा प्रायमर इथे पुरत नाही. सीलंट बसते त्या पट्टीवर पुट्टी मुळीच नको, आणि रंगाचे जाड थरही नकोत. सीलंट कितीही मजबूत असले तरी काचेची पकड त्याखालच्या सर्वांत कच्च्या थराइतकीच असते, आणि पुट्टी हा असाच कच्चा थर आहे. पत्र्याला भोक पडले असेल तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करण्यावाचून दुसरा उपाय नाही. इपॉक्सी पूर्ण सुकायला डब्यावर सांगितलेला वेळ द्यावा. त्यासाठी गाडी एक-दोन दिवस गॅरेजमध्ये राहिली तरी चालेल. माझ्या गाडीला दोन रात्री लागल्या आणि पेंटरने स्वतःहून घाई नाकारली, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

दरवर्षी मे महिन्यात

वायपरखालची जाळी हा या साऱ्या प्रकरणाचा विसरलेला कोपरा आहे. आंब्याखाली गाडी उभी राहत असेल तर मोहोर, पाने आणि धूळ तिथे साचून त्यांचा लगदा होतो, पाणी जाण्याची भोके बुजतात, आणि काचेची खालची कड दिवसेंदिवस ओल्या पोत्यात गुंडाळल्यासारखी राहते. पावसाच्या आधी जाळी काढून, कचरा हाताने उपसून मग पाणी सोडावे. आधीच पाणी मारले तर कचरा भोकांतच बसतो. दोन्ही बाजूंनी पाणी चाकांच्या मागे मोकळे पडताना दिसले पाहिजे. त्याच वेळी वरच्या कडेचे रबर प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने किंचित उचलून दिव्याने आत पाहावे. स्क्रूड्रायव्हर वापरू नये, त्याने नवा ओरखडा पडेल. रबराखाली रंगाची कड सपाट आणि एकसारखी दिसली तर रबर पुन्हा दाबून बसवावे. कुठे खरखरीत किंवा फुगीर लागली, तर काच बसवलेल्या दिवशी काढलेले फोटो उघडून तीच जागा त्यांत शोधावी.